त्रिस्तान दा कुन्हा : साखर पोचण्याआधीचे दात आणि १९३७ चा दंतवैद्य

दर्यावर्दी (धागाकर्ता)

डिसेंबर १९३७ मध्ये नॉर्वेची एक शास्त्रीय मोहीम दक्षिण अटलांटिकातल्या त्रिस्तान दा कुन्हा बेटावर उतरली आणि मार्च १९३८ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिली. नेता अर्लिंग क्रिस्टोफरसन, हा वनस्पतिशास्त्रज्ञ. सोबत पक्ष्यांचा अभ्यासक, शैवालांचा अभ्यासक, डॉक्टर, पीटर मुंक हा समाजशास्त्रज्ञ, नकाशा काढायला ॲलन क्रॉफर्ड नावाचा इंग्रज तरुण आणि एक दंतवैद्य. त्याचं नाव रायदार सोग्नेस, बर्गनचा, जन्म १९११.

शैवालं आणि पेंग्विन मोजायला निघालेल्या मोहिमेत दंतवैद्याचं काय काम? तर १९३२ मध्ये एचएमएस कार्लाइल ही ब्रिटिश युद्धनौका बेटावर गेली होती. तिच्यावरच्या नौदल-डॉक्टरने बेटकऱ्यांचे दात तपासले, तेव्हा दर पाचांतल्या चौघांच्या तोंडात एकही किडका दात मिळाला नाही. त्या काळच्या युरोपात असं तोंड शाळकरी मुलांतही शोधून काढावं लागे. म्हणजे इथे तपासण्यासारखं काहीतरी होतं.

बेटाची थोडी माहिती. केप टाऊनपासून सुमारे २८०० किमी, सेंट हेलेनापासून सुमारे २४०० किमी. मधोमध २०६२ मीटरचा ज्वालामुखी, वायव्येला जमिनीची एक सपाट पट्टी, तिच्यावर एकुलती वस्ती. १८१६ मध्ये ब्रिटिशांनी तिथे सैन्याची तुकडी ठेवली. वर्षभरात ती हलवली, पण विल्यम ग्लास हा सैनिक कुटुंबासह मागे राहिला आणि वस्ती त्याच्यापासून सुरू झाली. १९३७ मध्ये लोक दोनशेच्या आत, आडनावं सात. बंदर नाही. जहाज वर्षातून एखादं, कधी तेही नाही. खाणं म्हणजे बटाटे, मासे, दूध, मेंढीचं आणि थोडं गाईचं मांस, समुद्रपक्ष्यांची अंडी. पीठ आणि साखर जहाजाने दिली तर. ती संपली की पुढचं जहाज येईपर्यंत विषय बंद.

हाच सोग्नेस पुढे अमेरिकेत गेला, हार्वर्डच्या दंतवैद्यक विद्यालयात प्राध्यापक झाला, १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दंतवैद्यक विद्यालयाचा पहिला डीन झाला. १९७० च्या दशकात हिटलर आणि त्याचा सचिव बोरमन यांची दातांवरून ओळख पटवणाऱ्या अभ्यासांमुळे त्याचं नाव वर्तमानपत्रांतही आलं. बहुतेकांना तो तेवढाच माहीत असतो. मला त्रिस्तानचे चार महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावं. एक, वीज नसलेल्या बेटावर १९३७ च्या दंतवैद्याचं काम हाताने नेमकं कसं चाले. दोन, ते दात चांगले का होते, आणि पुढे का बिघडले.

पारदभस्म

पहिल्या मुद्द्यावर लिहितो.

वीज नाही म्हणजे पायाचं यंत्र. मॉरिसनने १८७१ मध्ये पेटंट घेतलेलं हे यंत्र १९३० च्या दशकातही फिरत्या दंतवैद्यांच्या सामानात असे. पायटा, जड चाक, वर जाणारा दांडा, चाकावरून कप्प्यांवरून हातातल्या दांडीपर्यंत गेलेली दोरी. शिवणयंत्र चालवणाऱ्याला रचना लगेच कळेल. फरक असा, की इथे माणूस उभा असतो, एका पायावर तोल, दुसऱ्या पायाने पायटा, आणि त्याच वेळी हाताची बोटं दुसऱ्याच्या तोंडात अर्धा मिलिमीटरही हलता कामा नयेत.

वेग मिनिटाला सातशे ते हजार फेरे. आजचं एअररोटर (हवेच्या दाबावर फिरणारं यंत्र) तीन लाखांच्या पुढे जातं. इतक्या कमी वेगात दाब वाढवला की चाक मंदावतं, दाब कमी केला की बर (दांडीच्या टोकाला फिरणारं छोटं कापायचं पातं) नुसती घासते. पोलादी बर (टंगस्टन कार्बाइडची बर १९४७ नंतरची) इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचावर, चार-सहा वेळा टेकवली की बोथट. म्हणून त्या काळचा शहाणा कारागीर इनॅमल बरने कापतच नसे. आधाराविना उरलेली इनॅमलची कड छिन्नीने आणि हॅचेटने (कुऱ्हाडीसारख्या पात्याचं छोटं हत्यार) तोडायची, आतलं मऊ डेंटिन चमच्यासारख्या एक्स्कॅव्हेटरने खरवडून काढायचं, आणि बर फक्त खड्ड्याला आकार देण्यापुरती. बोथट बर दाबून फिरवली की उष्णता तयार होते आणि आतली नस पोळते. रुग्ण ओरडतो तो बरेचदा त्या उष्णतेमुळे. दर काही सेकंदांनी बर उचलायची, कोमट पाण्याची पिचकारी मारायची, पुन्हा टेकवायची.

बेटावरची खास अडचण म्हणजे ओल. दोरी सुताची असली तर दमट हवेत सैल होऊन कप्पीवर घसरते. पोलादी बर आणि चिमटे गंजतात. उपकरणं पाण्यात उकळायची तर त्या पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा, शंभर भागांत एक ते दोन भाग. त्याने गंज धरत नाही. उकळून झालं की गरम असतानाच पुसून कोरडं करायचं आणि सांध्यांना तेल द्यायचं. हे चुकलं की आठवड्याभरात चिमट्याचा सांधा आवळतो. बदली चिमटा पुढच्या जहाजाने, म्हणजे कदाचित पुढच्या वर्षी.

नेहा_को

चांदी भरायची म्हणजे पारा हाताने घोटायचा ना? तेव्हा प्रमाण कसं राखत?

पारदभस्म

काचेच्या किंवा चिनी मातीच्या छोट्या खलात. मिश्रधातूच्या चुऱ्याचे पाच भाग, पाऱ्याचे आठ. चुऱ्यात साधारण दोन तृतीयांश चांदी, पाव भाग कथील, थोडं तांबं आणि किंचित जस्त. मिनिट-दीड मिनिट घोटलं की गोळा चकचकीत, लोण्याइतका मऊ होतो. मग तो शॅमॉय चामड्याच्या तुकड्यात घालून पिळायचा, जास्तीचा पारा चामड्यातून थेंबाथेंबाने बाहेर पडतो. उरलेला गोळा खड्ड्यात थोडा थोडा ठासायचा. एकदम भरला तर तळाशी पोकळी राहते.

खोड त्या जस्तात आहे. जस्त चुरा ऑक्सिडीकरणापासून वाचवतं म्हणून घालत. पण गोळा ठासताना त्याला ओलावा लागला, तर जस्त आणि पाण्याची प्रक्रिया होऊन आत हायड्रोजन तयार होतो. लगेच काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी भरलेली चांदी फुगायला लागते, दुखायला लागते, कधी दाताची कड फोडते. आणि त्या काळी बरेच जण गोळा तळहातावर मळत! घाम म्हणजे मीठ आणि पाणी. शहरात असा रुग्ण परत येतो. मोहीम निघून गेल्यावर पाचव्या दिवशी फुगलेली चांदी घेऊन बेटकऱ्याने कुठे जायचं? म्हणून अशा ठिकाणी रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबराचा पातळ पडदा) नाहीतर कापसाच्या गुंडाळ्या घालून दात कोरडा ठेवणं, गोळा रबराच्या टोपणात मळणं, आणि कोरडं ठेवता येतच नसेल तर चांदी न भरता झिंक ऑक्साइड-युजेनॉलवर (लवंगतेलातल्या औषधाची तात्पुरती भरण) थांबणं, हा जास्त प्रामाणिक उपचार.

डॉ_दाढीवाला

पारदभस्म, उत्तम. प्रकाशाचं राहिलं, ते जोडतो. वीज नाही म्हणजे दिवस आहे तोवर खिडकी. उत्तर गोलार्धात शिकलेला दंतवैद्य सवयीने उत्तरेकडची खिडकी निवडतो, कारण तिच्यातून थेट ऊन न येता सारखा प्रकाश येतो. त्रिस्तान ३७ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथे उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट येतं, आरशावर चमकतं आणि दाढेच्या खाचा दिसेनाशा होतात. दक्षिणेची घ्यावी तर वस्तीमागे सुमारे सहाशे मीटरचा कडा उभा, आभाळाचा तुकडाच लहान. उरतो पर्याय पांढऱ्या पडद्याचा. उत्तरेच्या खिडकीला पातळ पांढरं कापड, रुग्णाची पाठ भिंतीला, डोकं मागे टेकवलेलं, तोंड उजेडाकडे.

आता दात काढण्याबद्दल. एकाकी बेटावर भरण्यापेक्षा काढण्याचं काम जास्त, कारण माणूस येतोच मुळी दुखणं सहन होईनासं झाल्यावर.

भूल म्हणजे प्रोकेन, व्यापारी नाव नोव्होकेन, १९०५ पासून वापरात. बनवून ठेवलेलं द्रावण लांबच्या प्रवासात टिकत नाही, म्हणून गोळ्या नेत. २० मिलिग्रॅमची गोळी १ सीसी उकळलेल्या पाण्यात विरघळवली की २ टक्के द्रावण. त्यात ॲड्रिनॅलिन असे. द्रावणावर गुलाबी छटा आली की ॲड्रिनॅलिन खराब झालं, ते फेकायचं. वरच्या दाढांना हिरडीच्या बाजूने टोचलं तरी चालतं, तिथलं हाड सच्छिद्र असतं. खालच्या दाढांचं हाड घट्ट, तिथे जबड्याच्या आतल्या बाजूने मुख्य नसेपाशीच औषध सोडावं लागतं. सुई काही मिलिमीटर चुकली तर ओठ बधिर होत नाही. ओठ बधिर झाला नसेल तर चिमटा लावायचा नाही, एवढा नियम पुरे.

चिमट्याने दात ओढून निघत नाही, आधी सैल करावा लागतो. वरचा पटाशीचा दात एकमुळी आणि गोल, तो फिरवून निघतो. वरच्या दाढेला तीन मुळं, ती फिरवली तर मोडणारच, म्हणून गाल-टाळू असं हळूहळू हलवत हाड पसरवायचं. सगळ्यात फसवी म्हणजे आजूबाजूचे दात गेल्यावर एकटी उरलेली वरची शेवटची दाढ. सगळा भार वर्षानुवर्षं तिनेच घेतलेला, भोवतीचं हाड कडक, आणि वर सायनसची पोकळी. जोर लावला तर दाढेबरोबर जबड्याचा मागचा तुकडाच येतो. वस्तीत शस्त्रक्रियेची सोय नसताना हा धोका पत्करायचा नसतो. मुळं वेगळी करून एकेक काढायची, एक तास गेला तरी चालेल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका लागला तर ती कोरडी खाच. रक्ताची गुठळी निघून गेलेली असते. कोमट मीठपाण्याने धुऊन युजेनॉलमध्ये भिजवलेली आयोडोफॉर्मची पट्टी भरायची, दोन दिवसांनी बदलायची. हे काम बेटावरच्या पाद्र्याला किंवा एखाद्या हुशार बाईला शिकवून ठेवता येतं. भूल देणं तसं शिकवता येत नाही.

मिसरीवाली_आजी

एवढे चांगले दात होते तर काढायचं काम कुठून आलं बाबांनो?

डॉ_दाढीवाला

आजी, कीड नाही म्हणजे तोंड निरोगी असं नाही. दातांवर टार्टर (कडक झालेला मळाचा थर) साठतो, हिरड्या सुजतात, हाड खाली सरकतं आणि न किडलेला दात हलायला लागतो. साखर नसली म्हणून हे थांबत नाही, त्याला रोजची सफाई लागते. शिवाय वय झालेल्यांचे दात झिजतात, पडण्या-आपटण्यात मोडतात. तरीही तुमचा मुद्दा बरोबर आहे, त्रिस्तानवर हे काम लंडनच्या एखाद्या गरीब वस्तीच्या मानाने फारच थोडं.

कवळीकर

कवळीचा विषय कोणी काढला नाही. १९३७ मध्ये कवळी म्हणजे व्हल्कनाइट, गंधक मिसळलेलं रबर. ॲक्रिलिक नेमकं त्याच वर्षी बाजारात यायला लागलं होतं, बेटापर्यंत पोचायला अवकाश होता.

क्रम असा: प्लॅस्टरने तोंडाचा ठसा, त्यावरून साचा, मेणाची बैठक, चावा जुळवणं, चिनी मातीचे दात मेणात बसवणं, सगळं पितळी डबीत प्लॅस्टरमध्ये पुरणं, उकळत्या पाण्याने मेण काढून टाकणं, त्या जागी मऊ रबराचे तुकडे ठासणं, डबी आवळणं. मग वाफेच्या भांड्यात सुमारे १६८ अंश सेल्सियसला तासभर किंवा थोडं जास्त. शेवटी कानस, प्युमिस आणि पॉलिश.

घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला प्लॅस्टरचा. डबा समुद्री हवेत उघडा राहिला की प्लॅस्टर ओल धरतं. थोडी ओल लागली तर तोंडात वेळेआधीच आवळतं, जास्त लागली तर आवळतच नाही. दुसरा वाफेचा. १६८ अंश म्हणजे वातावरणाच्या सात-आठपट दाब, तोही रॉकेलच्या स्टोव्हवर, हाताने ज्योत कमी-जास्त करत. तापमान घाईने चढवलं तर रबराच्या जाड भागात आतून वायू साठून ते स्पंजासारखं होतं. वरून चकचकीत दिसतं, घासायला घेतलं की भोकं उघडी पडतात. पूर्ण कवळी परत पहिल्यापासून.

चार महिन्यांच्या मुक्कामात हे करावं का? ताज्या जखमेवर कवळी बसवली तर हाड आक्रसून ती सैल होते. दात काढल्यावर निदान दोन-तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात काढलेल्यांनाच शेवटच्या आठवड्यात कवळी. हिशोब बसतो, पण काठावर.

आकडेमोड

उपचारांपेक्षा मला तपासणीची पद्धत मोलाची वाटते, कारण त्रिस्तानचं महत्त्व तिच्यामुळे टिकलं.

अशा तपासणीत आधी माणसांची यादी हवी. सात आडनावं आणि तीच तीच नावं घराघरात असताना, कोणता जॉन कोणाचा मुलगा हे ठरवल्याशिवाय वय लिहिता येत नाही, आणि वय चुकलं की सगळा तक्ता वाया. मग प्रत्येक दाताला खूण: तोंडाचे चार भाग करून एक ते आठ आकडे, ही झिगमोंडीची १८६१ ची पद्धत. प्रत्येक जागी किडलेला, गेलेला, भरलेला, अजून न आलेला यांपैकी एकच नोंद. खाच नुसती काळी असली तर कीड म्हणायची नाही, टोकदार प्रोब अडकून आत मऊ लागलं तरच.

किडलेले, गेलेले आणि भरलेले दात एकत्र मोजणारा निर्देशांक अमेरिकेत क्लाइन, पामर आणि नुटसन यांनी मांडला तो १९३८ मध्ये. त्रिस्तानची मोहीम त्याच्या आधी निघालेली. म्हणून जुन्या नोंदींची नंतरच्या नोंदींशी तुलना करताना ‘गेलेला’ दात किडीने गेला की हिरडीने, हा प्रश्न उरतोच. पण पहिली कायमची दाढ ही चांगली कसोटी आहे. ती सहाव्या वर्षी येते, तिच्या खाचा खोल असतात, किडायला सगळ्यांत आधी तीच जाते. त्यामुळे विशीच्या आतल्यांच्या पहिल्या दाढा बघितल्या की समाजाचं खाणं कळतं.

१९३२ आणि १९३७ च्या तपासण्यांत विशीच्या आतल्या कोणाचीही पहिली दाढ किडलेली नव्हती. १९६२ मध्ये याच वयातल्या जवळजवळ निम्म्या पहिल्या दाढा किडलेल्या निघाल्या.

विहीरपाणी

मधली पंचवीस वर्षं कोणीतरी सांगा. आणि एक शंका: सात आडनावं म्हणजे आपसातली लग्नं. चांगले दात रक्तातूनच आले नसतील कशावरून? शिवाय फ्लोराइड. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर डाग पडतात, तो प्रकार त्रिस्तानवर होता का?

दर्यावर्दी

मधली वर्षं अशी. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने युद्धासाठी बेटावर हवामान आणि बिनतारी केंद्र उभारलं. केंद्राबरोबर माल आला, दुकान आलं, पगार आला. युद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, लॉब्स्टर डबाबंद करण्याचा कारखाना सुरू झाला. आता घरात रोख पैसा आणि दुकानात साखर, मैदा, जॅम, गोळ्या. ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीला लागूनच ज्वालामुखी फुटला, २६४ माणसांना इंग्लंडला हलवलं. १९६२ ची तपासणी तिथेच झाली. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले.

फ्लोराइडबद्दल: स्वतः सोग्नेसनेच १९४१ मध्ये लिहिलं होतं, की त्रिस्तानच्या दातांवर उंबरठ्यावरच्या फ्लोरोसिससारख्या खुणा दिसतात. म्हणजे अगदी फिकट पांढुरके ठिपके. यवतमाळकडचे तपकिरी डाग, खड्डे पडलेलं इनॅमल, तो प्रकार नाही. त्यामुळे थोडं संरक्षण मिळालं असणं शक्य आहे.

आकडेमोड

पण विहीरपाणी, तुमच्या दोन्ही शंकांना त्याच बेटाने उत्तर दिलंय. १९३७ आणि १९६२ मध्ये रक्त तेच, आडनावं तीच, ओढ्याचं पाणी तेच. बदललं ते दुकान. आनुवंशिकता किंवा फ्लोराइड हे मुख्य कारण असतं तर दात पंचवीस वर्षांत असे कोसळले नसते. प्रयोगशाळेत असा प्रयोग कोणी करू शकणार नाही. स्वीडनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४० च्या दशकात रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी देऊन पाहिलं, ते आज अनैतिकच म्हटलं जातं. त्यातून एक मात्र ठरलं: साखर किती यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट, हे महत्त्वाचं. जेवणाबरोबरच्या साखरेने कीड थोडी वाढली, दोन जेवणांमधल्या टॉफीने प्रचंड.

पारदभस्म

आणि सोग्नेस इथेच थांबला नाही. युद्धात युरोपात साखरेची टंचाई झाली, मुलांची कीड कमी झाली. १९४८ मध्ये त्याने ११ देशांमधले असे अभ्यास एकत्र करून मांडले. त्याला एक विचित्र गोष्ट दिसली: साखर कमी झाल्यावर कीड लगेच नाही, काही वर्षांनी कमी होत गेली, आणि साखर परतल्यावरही काही काळ कमीच राहिली. त्यावरून त्याचं म्हणणं, की दात हिरडीखाली घडत असतानाच्या खाण्याचाही परिणाम असतो. यावर पुढे बरीच वादावादी झाली. मला वाटतं तो मुद्दा त्याने जरा ताणला. पोकळी दिसायला कीड सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षं जातात, तेवढ्यानेही बराचसा उशीर समजावता येतो.

डॉ_दाढीवाला

ताणला म्हणणं मला पटत नाही. पोकळी दिसायला लागणारा उशीर धरूनही काही उरतं, असंच त्याचं म्हणणं होतं. नवीन आलेल्या दाताचं इनॅमल पहिली दोन वर्षं लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने पक्कं होत असतं. त्या दोन वर्षांत साखर मिळाली नाही तर दात पुढेही जास्त तग धरतो. हिरडीखालचं खाणं सोडा, पण ‘दात आल्यावरची पहिली दोन वर्षं’ एवढं म्हटलं तर सोग्नेसची आकडेवारी चपखल बसते.

नेहा_को

मग बटाटा? दिवसातून दोनदा-तीनदा बटाटे खाणारे लोक, स्टार्चही तोंडात साखरेतच बदलतो ना?

डॉ_दाढीवाला

बदलतो, पण लाळेतल्या विकराला वेळ लागतो, आणि उकडलेला बटाटा दुधाबरोबर किंवा माशाबरोबर गिळला की तोंडात फारसा राहत नाही. आम्ल तयार होतं ते कमी आणि लाळ ते लवकर मारते. स्टार्च धोकादायक होतो तो बारीक दळून, भाजून, साखर मिसळून दातांच्या खाचांत चिकटला की. बिस्किट हे त्याचं पक्कं उदाहरण. त्रिस्तानच्या दुकानात मैदा आणि साखर एकाच वेळी आले.

मिसरीवाली_आजी

मग बेटकऱ्यांनी दात घासायला ब्रश आणले की नाही, का नुसती साखरच आणली?

दर्यावर्दी

आजी, दुकानात दोन्ही ठेवलं तरी एक रोज संपतं आणि दुसरं वर्षभर पुरतं. आजही बेटावर कायमचा दंतवैद्य नाही. तो जहाजाने येतो, काही आठवडे थांबतो, सगळ्यांचे दात बघतो आणि परतीच्या जहाजाने जातो. पारदभस्म यांनी वर लिहिलेला पाचव्या दिवसाचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही, फक्त आताच्या भरणीत बहुतेकदा जस्त नसतं.